शेंदराची चकती

रत्नपाल भुताखेताला मानणारा माणूस नव्हता. त्याच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि बायको करुणा अशी की मांजर आडवं गेलं तर ती मांजरालाच दटावून पुढं जायची. असा हा माणूस दिवाळीपासून उजवा खांदा भिंतीला लावून फरशी कापत होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, असं उभं राहिलं की धूळ कमी लागते. धूळ तेवढीच लागायची.

खरी गोष्ट वेगळी होती. त्याचा भागीदार जगन जिवंत होता तेव्हा दोघं मिळून हिंगोलीकडच्या गोरेगावापासून औंढ्यापर्यंत फरशीची, दगडाची कामं घ्यायचे. रत्नपाल कापायला लागला की त्याला भान राहायचं नाही, मशीन दाबतच जायचा. हिऱ्याच्या चकतीला दाबलेलं सोसत नाही. ती तापते, निळी पडते आणि मग एक दिवस दगा देते. म्हणून जगन मागून यायचा आणि त्याच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा. म्हणजे उचल, जरा हवेत फिरू दे, थंड होऊ दे. मशीनच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून ही बोटांची खूण. दसरा झाला आणि दिवाळीच्या आत जगन गेला. बोटं मात्र येतच राहिली.

आणि येत होती तीही अगदी बराबर वेळेला. चकती तापायला लागली की खांद्यावर दोन बोटं. रत्नपाल मागे वळायचा, तर मागे सिमेंटची पोती. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा त्याच्या हातातून मशीन सुटता सुटता राहिलं. करुणाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, सवय आहे अंगाची, दुसरं काही नाही. विहारात चल आणि जरा डोळे मिटून बस. तो बसला. डोळे मिटल्यावर जगन जास्तच स्पष्ट दिसायला लागला, तेव्हा त्यानं तेही सोडलं.

बरं, जगनची भीती वाटावी असं जगनमध्ये काहीच नव्हतं. हसरा, बडबड्या, बंजारा तांड्यावरचा गडी. चकत्यांची पारख त्यानंच रत्नपालला शिकवली. कडक दगडाला नरम चकती लाव, नरम विटेला कडक. दोघं कडक जुळले की नुसती घासाघीस, काम काही होत नाही, लग्नं जुळवणाऱ्यांनाही हे कळायला पाहिजे, असं म्हणून स्वतःच खो खो हसायचा. चकती बोथट झाली, तिचे हिरे आत दडले, की तो तिला भाजक्या विटेवर चार वेळा चालवायचा, आणि ती पुन्हा कापायला लागायची. नवी असो की जुनी, मशीनला लावण्याआधी चकती बोटावर टांगायची आणि लाकडी मुठीनं हलकेच वाजवायची, हा त्याचा नेम. टणत्कार झाला तर ठीक, आणि मडक्यासारखी बद्द वाजली तर कुठं तरी चीर आहे, फेकून दे.

असा माणूस चकती फुटून मेला. औंढ्याला एका लॉजच्या पायऱ्या कापताना चकतीचे तीन तुकडे झाले आणि एक त्याच्या मांडीत घुसला. खोल कापायचं म्हणून मशीनच्या चकतीवरची जाळी काढून ठेवली होती, सगळेच काढतात. हिंगोलीच्या वाटेवर जीपमध्येच तो गेला.

रत्नपालला भीती होती ती जगनची नव्हे, जगनला काय हवं असेल त्याची. कारण ते तुकडे त्यानंच गोळा केले होते. दोन तुकड्यांची कड ताजी होती, चकचकीत पांढरी. तिसऱ्या तुकड्याची कड मात्र बोटभर लांबीपर्यंत नारंगी होती. ते रक्त नव्हतं, शेंदूर होता. शेंदूर चिरेच्या आत शिरला होता, म्हणजे चीर शेंदराच्या आधीची होती. आणि शेंदूर चढवला होता जगनच्या आईनं, जिवनबाईनं, खंडेनवमीला.

खंडेनवमीला सगळेच हत्यारं पुजतात. थापी, ओळंबा, मशीन, चकत्या. हळदकुंकवाचं बोट लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, झालं. पण जिवनबाईचं काम अर्धं नसायचं. पोराचं पोट ज्या चाकावर चालतं ते चाक म्हणजे देवच, असं म्हणून ती तेलात कालवलेला शेंदूर चकतीभर जाड लिंपायची. कापणारे दात तेवढे उघडे राहायचे. बाकी पोलाद, त्यावरची अक्षरं, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण, सगळं शेंदराखाली. वाळला की तो लाखेसारखा घट्ट बसायचा. त्याच्याखाली चीर असली तर दिसायची नाही, आणि वाजवून पाहिलं तर चांगली चकतीही बद्दच वाजायची. चढवलेला शेंदूर कुणी पुसत नाही. हे सगळं रत्नपालला तुकडा हातात धरून उभं राहिल्यावर कळलं, आणि त्यानं तो तुकडा कयाधूच्या पुलावरून पाण्यात टाकला. पोलिसांना म्हणाला, चकती फुटली. तांड्यावर म्हणाला, चकती फुटली. आईला कुणी सांगावं की तुझ्याच हातानं?

तेव्हापासून खांद्यावर बोटं यायची आणि रत्नपालला वाटायचं, हा मशीन उचल म्हणत नाहीये, हा सांग म्हणतोय.

माघ सरत आला तेव्हा पुनमचंदनं, गोरेगाव-सेनगाव जीप चालवणाऱ्यानं, निरोप आणला. याडीनं बोलावलंय, मशीन घेऊन ये, दार कापायचं आहे. तांड्यात आईला याडी म्हणतात. जगन म्हणायचा म्हणून रत्नपालही म्हणायचा.

कुठलं दार ते विचारायची गरज नव्हती. जगन वाईट नक्षत्रावर गेला असं तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. ज्या मागच्या दारानं त्याला बाहेर नेलं ते बुजवा, म्हणजे त्याला परतीची वाट सापडणार नाही, असं तांड्याच्या प्रमुखानं, वसराम नाईकानं, सांगितलं. आणि बुजवणार कोण? गवंडीकाम येणारा समोरच उभा होता. रत्नपालनं चौकट काढून अर्ध्या विटेची भिंत स्वतःच्या हातानं घातली. असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणणाऱ्या या माणसानं त्या दिवशी मालात सिमेंट अंमळ जास्तच टाकलं होतं.

न जाण्याची कारणं त्यानं दोन दिवस शोधली. करुणा शेवटी वैतागली. ती म्हणाली, म्हातारी एकटी आहे, सून माहेरी जाऊन बसली, आणि तुम्ही भिंतीला खांदे लावून फिरा. मग तो मोटारसायकलला मशीनची गोणी बांधून निघाला.

जिवनबाई ओट्यावर बसली होती. वाळून तिची काडी झाली होती. हातातल्या बांगड्या आता कोपराला अडकत नव्हत्या, वरखाली घसरत होत्या. तिनं पाणी दिलं, चहा दिला, करुणाची विचारपूस केली. लाईट बारा वाजता येणार होती, तोवर बसणं भाग होतं. रत्नपालनं आत जाऊन भिंत पाहिली, कोळशानं दाराची रेघ मारली, बाहेरून शेताकडून फिरून तिकडूनही मारली. आपलीच भिंत, आणि तिच्याकडं पाहवेना. चांगली बांधली होती, हेच वाईट वाटत होतं.

परत आला तेव्हा त्यानं विचारलंच, की दार आता का उघडायचं, नाईक काय म्हणतील? तिनं नाईकाचा विषय हातानंच उडवून लावला. मग उठून आत गेली, देवाच्या फळीखालच्या खुंटीवरून काहीतरी काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. चकती होती. जगननं जोडी आणली होती, एक फुटली, ही दुसरी. दातांपासून मधल्या भोकापर्यंत नारंगी, जाड, टणक शेंदूर.

"ह्या चकतीनं काप," ती म्हणाली. "त्याचा हात लागू दे दाराला."

 पुढचा सगळा पेच रत्नपालला एकदम दिसला. ही अशीच लावायची म्हणजे जगननं केलं तेच करायचं. शेंदराखाली काय आहे कुणाला ठाऊक, आणि घरी करुणा आहे, लेकरं आहेत. आणि लावण्याआधी पुसायची म्हणजे म्हातारीच्या डोळ्यांदेखत शेंदूर खरवडायचा. का पुसतोस म्हणून ती विचारणार. आणि नाही विचारलं तरी ती काही खुळी नव्हती. पोलाद उघडं करून चीर शोधणारा माणूस पाहिला की तिला जे कळायचं ते कळणारच.

त्यानं पळवाट काढली. ही फरशीची चकती आहे याडी, विटेला चालत नाही, असं तो म्हणाला. तिनं चकतीच्या कडेवर बोट फिरवलं आणि दातांमधल्या खाचा दाखवल्या. फरशीच्या चकतीची कड अखंड असती, खाचा असल्या की ती भिंतीची, जगन सांगायचा, असं शांतपणे म्हणाली. एवढ्या वर्षांत पोराच्या धंद्यातलं तिलाही पुष्कळ कळत होतं. मग तो म्हणाला, माझ्याकडं नवीकोरी आहे, ही देवाची, देवाला राहू द्या. तिनं ती उचलली नाही. चकती त्याच्या पुढ्यातच राहिली.

लाईट येईपर्यंतचा तो वेळ रत्नपाल जन्मात विसरणार नाही. ओट्यावर ऊन सरकत होतं, कुणाची तरी शेळी कुंपणावरचा वेल खात होती, आणि त्याच्या उजव्या खांद्याला मुंग्या आल्यासारखं होत होतं. मागे भिंत होती, तरी. त्यानं एकदा चकती बोटावर टांगली आणि पान्यानं वाजवली, सहज केल्यासारखी. बद्द वाजली. पण ती शेंदरानं बद्द वाजत होती की चिरेनं, हे जगनला कळलं नव्हतं तर त्याला काय कळणार होतं? म्हातारी त्याच्याकडं पाहत होती. त्यानं चकती खाली ठेवली.

आतला बल्ब लागला. लाईट आली.

रत्नपाल उठला. त्यानं मशीन काढलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं, नट सैल केला. जाळी त्यानं पक्की बसवली होती. औंढ्यानंतर ती तो कधीच काढत नव्हता. मग शेंदराची चकती उचलली आणि तशीच, न पुसता, दांड्यावर चढवायला लागला. धाडस म्हणावं असं त्यात काही नव्हतं. एका म्हातारीला चार शब्द सांगण्यापेक्षा मरणं सोपं वाटावं, अशी वेळ माणसावर येते, तेवढंच. नट फिरवताना तो दोनदा आटे चुकला.

"थांब," जिवनबाई म्हणाली. "पूस ती आधी."

तो तसाच वाकलेला राहिला.

ती जवळ आली, चकती त्याच्या हातातून घेतली आणि उंबऱ्यात बसली. घासलेटमध्ये पदराचं टोक भिजवून तिनं शेंदूर चोळायला सुरुवात केली. निघेना, तेव्हा उलथण्याच्या कडेनं खरवडला. नारंगी खपल्या तिच्या मांडीवर पडत होत्या. देवाचा शेंदूर उतरवणारी बाई रत्नपालनं त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. ती खाली मान घालूनच बोलत होती, त्याच्याशी की चकतीशी, कळत नव्हतं.

"त्या दिशी सकाळी तो बी पुसाया बसला व्हता. मला म्हणला, याडी, वाजत न्हाई नीट, पुसून बघतो. मीच त्याच्या हातावर चापट मारली. म्हणलं, चढवलेला शेंदूर काढतोस व्हय, पाप लागंल. हसला आन् घेऊन गेला."

 रत्नपाल तिथंच मशीनशेजारी बसला. हे त्याला माहीत नव्हतं. जगन त्या दिवशी न वाजवता चकती लावणारा नव्हताच, हे कोडं त्याला कधीपासून छळत होतं, आणि ते आता सुटलं. म्हणजे ही बाई दिवाळीपासून हे एकटीनं उरावर घेऊन बसली होती. आणि आपण हिला वाचवत होतो म्हणे.

तरीही तुकड्याचं त्यानं सांगितलं नाही.  नारंगी कडेचा तुकडा त्यानं पाहिला होता, तिनं नाही. तिच्याजवळ नुसता संशय होता. संशयात कुठं तरी एखादी फट असते, माणूस तिच्यातून श्वास घेतो, असं त्याला वाटलं. ती फट आपण का बुजवायची?

तिनं पुसलेली चकती त्याला दिली. पोलाद स्वच्छ होतं. त्यानं उन्हात धरून दोन्ही अंगांनी, खाचेखाचेपाशी पाहिली, मग टांगून वाजवली. लख्ख वाजली. मंदिरातली छोटी घंटा वाजावी तशी. म्हातारीनं मान वर केली आणि आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. ही पुसल्यावर खरी वाजली, म्हणजे तीही पुसली असती तर बोलली असती, हे दोघांनाही न बोलता समजलं.

मग त्यानं भिंत कापली. बाणाप्रमाणे चकती बसवली, न टेकवता थोडी फिरू दिली, आणि कोळशाच्या रेघेवर हलकी धरली. वीट भराभर कापत गेली. भाजकी वीट अशा चकतीला धार आणते. लाल धुळीनं घर भरलं. कापता कापता त्याचा खांदा वाट पाहत होता, पण बोटं आली नाहीत. शेवटी त्याचं त्यानंच मशीन उचललं, हवेत फिरू दिलं, पुन्हा टेकवलं. आतून झालं, मग शेताकडून झालं. घणाचे घाव घातले तेव्हा त्यानं घातलेल्या विटा जोडीजोडीनं बाहेर पडल्या. आणि घरात एकदम उजेड आला, हरभऱ्याच्या शेतावरून वारा आला, आणि चुलीवरचं झाकण खडखडलं.

धूळ बसायच्या आत जिवनबाई विटांवरून चालत जाऊन त्या भगदाडात उभी राहिली. शेताच्या पलीकडं जगनला जाळलं होतं ती जागा दिसत होती. तिनं तिकडं पाहून त्यांच्या बोलीत काही तरी म्हटलं. रागावल्यासारखं. उशिरा घरी येणाऱ्या पोराला म्हणतात तसं.  रत्नपालनं विचारलं, "याडी, आन् आला तर?"

"येऊ दे की. भांडाया येऊ दे." ती खाली बसली, मोडक्या विटांवरच. "सगळे म्हणतात, नक्षत्र वाईट व्हतं. सून बी म्हणली न्हाई काही, उठून गेली. तू तर इकडं फिरकलाच न्हाईस. तूच गोळा केलं ना समदं? मला वाटलं, तू तरी म्हणशील. येवढ्या दिसांत मला एकजण बी वाकडा शब्द बोलला न्हाई, रत्नपाल. मी काय करू? म्हणून म्हणलं, दार उघडावं. तो तरी येऊन बोलंल."

ती भिंत आपण फक्त दारात घातली नव्हती, हे रत्नपालला त्या क्षणी कळलं, आणि त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली. दया म्हणून जी केली तिच्यात निम्मी भीती होती. त्यानं तोंडाचं फडकं सोडलं. तिच्याशेजारी बसला. 

"चीर जुनी व्हती, याडी," तो म्हणाला. "शेंदराखाली व्हती. शेंदूर आत गेलता. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

 रडेल, छाती पिटेल, आपल्याला हाकलून देईल, असं त्याला वाटत होतं.  तिनं हात लांबवून मशीनवरची चकती मागितली, त्यानं ती सोडवून दिली. ती अजून कोमट होती. तिनं ती मांडीवर घेतली.

"कुठून कुठवर?" तिनं विचारलं. "दाव."

त्यानं दोन दातांमधल्या एका खाचेवर नख टेकवलं आणि पोलादावर मध्याच्या दिशेनं ओढत नेलं. बोटभरच नेलं आणि थांबला. जिवनबाईनं त्याचा हात बाजूला केला. स्वतःचं बोट त्या खाचेत ठेवलं आणि त्याच वाटेनं हळूहळू पुढं सरकवलं. तो थांबला होता तिथं थांबली.

"येवढीच?"

"येवढीच."

तिनं पुन्हा खाचेपासून सुरुवात केली.